उलट्या टेबलाचा आस

घोटीच्या भातगिरण्यांत पोती वाहणाऱ्यांना कंबरदुखी समजावून सांगायला नको. त्यावर उपाय म्हणून उलटं होणारं टेबल विकलं जातं: घोटे पकडीत अडकवून फळीवर झोपायचं आणि डोकं खाली न्यायचं. त्याची सगळी करामत आसात. आस शरीराच्या गुरुत्वमध्याजवळ हवा, म्हणून उंचीनुसार दांडा सरकवतात. मग नुसते हात वर नेले तरी फळी कलते. डोकं 30 अंश खाली गेलं की, घर्षण सोडल्यास, निम्मं वजन शरीराच्या लांबीच्या दिशेनं ओढतं. 60 अंशांना सुमारे 87 टक्के. मग पूर्ण उलटं व्हायची हौस कशाला? भार घोट्यांच्या पकडीवर येतो, तो वेगळाच. पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांच्या संस्थेत उलटं लटकताना भिंतीवरचे दोर कुल्ह्यांना पेलतात. मला ती रचना अधिक शहाणी वाटते. आराम बहुधा तात्पुरताच. उच्च रक्तदाब किंवा काचबिंदू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उलटं होऊ नये.