कोरा रकाना आणि निरंक



वसंतातल्या संध्याकाळी व्याख्यानाला येणारा श्रोता इतिहासाची, साहित्याची, फार तर राजकारणाची अपेक्षा ठेवून येतो. मी मात्र आज एक रुक्ष विषय घेऊन आपल्यापुढे उभा आहे. दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्रॅम वाचून त्यांची छाननी करणारी काही सॉफ्टवेअरे असतात. ती 'प्रकार' या गोष्टीची नोंद कशी करतात, आणि ती कशी केली हे लिहून का ठेवावे लागते, एवढेच मला सांगावयाचे आहे. विषय रुक्ष खरा; पण त्याच्याशी माणसांच्या ठेवी बांधलेल्या असतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

प्रथम थोडी ओळख. नॉर्वेतील ओस्लो येथे ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगार्ड या दोघांनी 'सिम्युला ६७' ही भाषा तयार केली. प्रोग्रॅमची मांडणी वर्ग आणि वस्तू यांच्या रूपाने करावयाची, आणि एका वर्गाचे गुण दुसऱ्याने वारशाने घ्यावयाचे, ही रीत तेथून सुरू झाली. समजा, 'ठेव' नावाचा एक वर्ग आहे. 'जुनी ठेव' हा त्याचा मुलगा. 'व्याज काढा' ही कृती बापाजवळ आहे. पण जुन्या योजनेचा दर वेगळा असल्यामुळे मुलाने त्याच नावाची स्वतःची कृती ठेवली आहे. अशा कृतीला आमच्या धंद्यात मेथड म्हणतात.

आता 'प्रकार' म्हणजे काय? स्वयंपाकघरातल्या फळीवरचे डबे डोळ्यांपुढे आणा. एकावर 'डाळ' अशी चिठ्ठी आहे. आत तूर आहे की मूग, हे झाकण उघडल्यावाचून कळावयाचे नाही. प्रोग्रॅममध्येही नेमके असेच असते. चिठ्ठी लिहिणारा 'ठेव' एवढेच लिहितो. प्रोग्रॅम चालू झाला म्हणजे डब्यात कधी साधी ठेव येते, कधी जुनी. छाननी करणारे सॉफ्टवेअर प्रोग्रॅम चालवून पाहत नाही, नुसता वाचते. त्याला चिठ्ठी दिसते. आतली डाळ दिसत नाही.

२०१४ साली ठेवींचा हिशेब ठेवणाऱ्या अशा एका प्रोग्रॅमची साफसफाई माझ्याकडे आली. वर्षानुवर्षांची अडगळ साठली होती. आम्ही छाननीच्या सॉफ्टवेअरला विचारले, ज्यांना कोणीच बोलावत नाही अशा मेथड कोणत्या? यादी आली. तीत 'जुनी ठेव' या वर्गाची 'व्याज काढा' होती, आणि तिच्यापुढे बोलावणाऱ्यांची संख्या शून्य होती. मी ती पुसून टाकली. चाचण्या होत्या, पण त्या नव्या ठेवींच्या होत्या. त्या सगळ्या पार पडल्या.

काही मोडले असते तर बरे झाले असते. पण मुलाजवळ नसेल तर बापाकडचे वापरावे, हाच वारशाचा नियम! प्रोग्रॅम बिनबोभाट चालला, आणि जुन्या ठेवींना नव्या दराने व्याज लागले. तिमाही संपली तेव्हा एक निवृत्त शाळामास्तर पासबुक आणि एक आखीव कागद घेऊन आले. कागदावर हाताने केलेले गणित होते. आमच्या आणि त्यांच्या उत्तरात फरक होता, आणि त्यांचे बरोबर होते.

पुसले मी, तेव्हा पहिला दोष माझा. पण ते शून्य आले कोठून? प्रोग्रॅमभर डब्यांवर चिठ्ठी 'ठेव' अशीच होती. म्हणून त्या सॉफ्टवेअरने सगळी बोलावणी बापाच्या खात्यावर मांडली. मुलाच्या खात्यात काही पाहिलेच नाही. त्याची पुस्तिका मी नंतर उघडली. त्या आकड्याविषयी एकच ओळ होती: 'या मेथडला बोलावणाऱ्यांची संख्या'. कचेरीत तक्ता भरताना सांगण्याजोगे काही नसेल तर रकाना कोरा ठेवीत नाहीत, 'निरंक' लिहितात. निरंक म्हणजे शोधले, पण आढळले नाही. कोरा म्हणजे शोधलेच नाही. आम्हांला मिळालेले शून्य निरंकाचा वेष घेतलेला कोरा रकाना होता.

याबाबतीत ज्यांनी नेटाने विचार केला त्यांच्याकडे पाहू. १९९६ साली युरोपात फामूस नावाचा प्रकल्प सुरू झाला. त्यात बर्नचे विद्यापीठ होते, नोकिया आणि डेम्लर-बेंझ यांसारख्या कंपन्या होत्या. सी-प्लस-प्लस, जावा, स्मॉलटॉक, एडा अशा निरनिराळ्या भाषांतले जुने, अवाढव्य प्रोग्रॅम समजून घ्यावयाचे, तर सर्वांना चालेल असा नोंदीचा एक आराखडा हवा. त्याला त्यांनी फामिक्स म्हटले, आणि त्यावर चालणाऱ्या साधनांना मूस. मूस हे उत्तरेकडच्या एका थोर सांबराचे नाव. आपल्याला सोनाराची मूस आठवते, आणि तीही येथे शोभली असती.

या मंडळींना पावलोपावली निर्णय घ्यावे लागले. स्मॉलटॉकमध्ये डब्यांवर चिठ्ठ्याच नसतात. म्हणजे 'घोषित प्रकार' हा रकाना त्या भाषेसाठी रिकामा राहणारच. जावासाठी तोच रकाना रिकामा राहिला तर अर्थ निराळा; तेथे चिठ्ठी होती, वाचणाऱ्याला लावता आली नाही. रिकामेपण एकच, अर्थ दोन! जावातला इंटरफेस म्हणजे मुळात करार. फामिक्सच्या तिसऱ्या आवृत्तीत तो वर्गच मानून त्याला एक खूण केली. पुढे जावासाठी तो स्वतंत्र झाला. साहजिकच 'या प्रोग्रॅममध्ये वर्ग किती?' या प्रश्नाला दोन आवृत्त्यांत दोन उत्तरे येतात, आणि दोन्ही प्रामाणिक असतात. जावात २००४ साली 'ठेवींची यादी', 'नावांची यादी' असे घडीव प्रकार आले, तेव्हा त्यांना एक मानावे की अनेक, हाही वाद आलाच. जो वर्ग बाहेरच्या ग्रंथालयातून उसना आणलेला, ज्याचे मूळ लिखाण हाताशी नाही, त्यावर ते 'स्टब' असा शिक्का मारतात. ही खूण मला फार आवडते. तिच्यात अज्ञानाची कबुली आहे.

पण आमच्या दुखण्याला लागू पडणारी गोष्ट पुढेच आहे. एखाद्या बोलावण्याच्या नोंदीत फामिक्स 'ही मेथड' असे लिहीत नाही. 'उमेदवार' अशी यादी ठेवते. मात्र ती यादी कोणत्या नियमाने भरावी हे आराखडा ठरवीत नाही, भरणारा ठरवतो. चिठ्ठीवरचा एकच उमेदवार घालणे हा एक नियम. १९९५ साली डीन, ग्रोव्ह आणि चेंबर्स यांनी वर्गांची सगळी वंशावळ पाहून त्यातली संभाव्य मुले-नातवंडे यादीत घेण्याची रीत मांडली. १९९६ साली बेकन आणि स्वीनी म्हणाले, प्रोग्रॅममध्ये ज्या वर्गाची वस्तू कोठे तरी प्रत्यक्ष घडवली जाते तेवढेच घ्या. पहिल्या नियमाने खरे उमेदवार सुटतात, दुसऱ्याने नसलेले शिरतात, तिसऱ्याने गर्दी थोडी कमी होते. अगदी अचूक यादी सदासर्वदा देणारी युक्ती निघावयाची नाही, हे हेन्री राइस यांच्या १९५३ च्या प्रमेयाने ठरलेलेच आहे. कोणी म्हणेल, मग कागद लिहून काय साधणार? एवढेच, की कोणता नियम वापरला ते वाचणाऱ्याला कळेल, आणि शून्य दिसल्याबरोबर त्याचा हात पुसण्याकडे जाणार नाही.

मास्तरांच्या खात्यावर फरकाची रक्कम जमा केली. ती नोंद पासबुकात उमटलेली पाहिल्यावर ते उठले नाहीत. त्यांनी विचारले, "माझ्यासारखे आणखी किती? सगळेच काही कागद घेऊन बसत नाहीत."

जुन्या ठेवी एकूण एक पुन्हा तपासून त्यांना उत्तर द्यावयास आम्हांला दोन दिवस लागले. त्या पुस्तिकेतल्या एका ओळीचे आम्ही एक पान केले, ते त्याच दोन दिवसांत. पानाच्या माथ्यावर लिहिले: 'हा आकडा चिठ्ठीवरून काढला आहे, मुलांच्या मेथडकडे पाहिलेले नाही.'