कॉटरीचा करंट आणि माझा मल्टिमीटर

 

मी फौजेत ईएमईमध्ये होतो. ईएमई म्हटलं की लोकांना रणगाडे आणि ट्रक आठवतात. पण रुग्णालयातली यंत्रंही आमच्याकडे दुरुस्तीला येत. त्यातल्या एका यंत्राची गोष्ट आज सांगतो. त्यात माझी एक चूक आहे, तीही सांगतो.

ऑपरेशन थिएटरमध्ये ज्याला सगळे 'कॉटरी' म्हणतात ते हे यंत्र. १ ऑक्टोबर १९२६ रोजी बोस्टनमध्ये हार्वी कुशिंग या मेंदूच्या सर्जननी विल्यम बोवी यांचं यंत्र शस्त्रक्रियेत वापरलं आणि तिथून त्याचा प्रसार झाला. 'कॉटरी' म्हणजे डागणी, पण इथे तापवलेली सळई नसते. सर्जनच्या हातातल्या पेन्सिलच्या टोकातून करंट पेशींमध्ये शिरतो, तिथल्या तिथे उष्णता तयार होते, ऊतक कापलं जातं किंवा रक्त थांबतं. मग तोच करंट शरीरातून मांडीखालच्या मोठ्या प्लेटकडे जातो आणि यंत्रात परततो. टोक बारीक म्हणून तिथे जळतं. प्लेट मोठी म्हणून तिथे काही होत नाही. करंट तोच, फरक फक्त जागेचा.

आता तुम्ही विचाराल, माणसाला शॉक कसा बसत नाही? आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते. कॉटरीची वीज साधारण पाच लाख आवर्तनं, म्हणजे ५०० किलोहर्ट्झ. इतक्या वेगाला नसा आणि स्नायू दादच देत नाहीत. फ्रान्सच्या दार्सोन्व्हाल यांनी हे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटीच दाखवलं होतं. शॉक बसत नाही, पण भाजतं मात्र. हे लक्षात ठेवा.

१९८८ च्या सुमाराची गोष्ट. मी कॅप्टन होतो. एका रुग्णालयातून तक्रार आली की ऑपरेशननंतर एका जवानाच्या छातीवर, ईसीजीची पट्टी लावतात तिथे, भाजल्याचा डाग उठलाय. कॉटरी वर्कशॉपमध्ये आली. मी मल्टिमीटर घेतला. प्लेटची वायर तपासली, ठीक. अर्थिंग ठीक. लीकेज करंट पाहिला, नगण्य. मी रिपोर्टवर लिहिलं : यंत्र निर्दोष, प्लेट नीट न लावल्याची शक्यता.

प्लेट लावायचं काम थिएटरच्या सिस्टरचं. त्या केरळच्या होत्या, कामाला अतिशय चोख. माझ्या त्या एका ओळीवरून त्यांना थिएटरमधून काढून वॉर्डात पाठवलं.

चार महिन्यांनी पुन्हा तसाच डाग. तेच यंत्र, पण सिस्टर दुसऱ्या, आणि या वेळी भूल देणाऱ्या डॉक्टरांनी प्लेट स्वतः तपासली होती. मी पुन्हा मल्टिमीटर काढला. शेजारी आमचे वायरलेस विभागाचे नायब सुभेदार उभे होते. ते शांतपणे म्हणाले, "साहब, ये तो ट्रान्समीटर है. ट्रान्समीटर को मल्टिमीटर से कौन नापता है?"

मंडळी, मी इंजिनिअर होतो, आणि हे मला सुचलं नव्हतं. आपल्याकडे रेडिओचा मीडियम वेव्ह पट्टा ५३१ किलोहर्ट्झपासून सुरू होतो. कॉटरी त्याच्या उंबरठ्यावरच चालते. आणि माझा मल्टिमीटर ५० हर्ट्झसाठी बनलेला, फार तर काहीशे हर्ट्झपर्यंत भरवशाचा. त्यापुढे तो जे दाखवतो त्याला अर्थ नाही.

सुभेदार साहेबांनी त्यांच्या कपाटातून थर्मोकपल अ‍ॅमीटर आणला. ट्रान्समीटरचा अँटेनात जाणारा करंट मोजायला तो वापरत. त्याची युक्ती साधी आहे. करंट एका बारीक तारेतून जातो, तार तापते, तिला जोडलेलं थर्मोकपल त्या उष्णतेतून व्होल्टेज देतं आणि काटा हलतो. फ्रिक्वेन्सी किती, लहरीचा आकार कसा, याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नाही. जितकी उष्णता तितका करंट. आणि आपल्याला रुग्णाच्या बाबतीत तरी दुसरं काय जाणून घ्यायचं असतं? मात्र जपून वापरावा लागतो. थोडा जास्त करंट गेला की तार जळते. एक मी जाळलाय.

आम्ही यंत्र लाकडी टेबलावर ठेवलं, वायरी गुंडाळल्या नाहीत, पेन्सिल हवेत मोकळी ठेवली. प्लेट आणि अर्थ यांच्यामध्ये २०० ओहमचा रेझिस्टर जोडला. तोही तार गुंडाळलेला नाही, कारण गुंडाळी म्हणजे कॉइल. फक्त १० मायक्रोहेन्रीची कॉइल ५०० किलोहर्ट्झला ३१ ओहमचा जादा अडथळा करते. पूर्ण पॉवरवर पेडल दाबलं. काटा २९० मिलिअँपिअरवर गेला. या मोजणीची मानकातली मर्यादा १५० आहे.

यंत्र उघडलं. आधीच्या एका दुरुस्तीत पेन्सिलकडे जाणारी वायर धातूच्या चासीला चिकटवून बांधलेली होती. ती दुरुस्ती आमच्याच वर्कशॉपची होती.

हिशेब करून पाहा. वायर आणि चासी यांच्यात समजा १०० पिकोफॅरड कपॅसिटन्स झाला. ५० हर्ट्झला त्याचा अडथळा ३ कोटी १८ लाख ओहम, म्हणजे वाट बंदच. ५०० किलोहर्ट्झला तोच जेमतेम ३,२०० ओहम. वर हजार व्होल्ट असतील तर ३०० मिलिअँपिअर सहज निसटतात. सर्जननी पेन्सिल ऊतकाला टेकवण्याआधीच बटण दाबलं की हा करंट चासीतून अर्थला, अर्थमधून ईसीजीच्या वायरीने छातीवर आणि तिथून शरीरातून प्लेटकडे. प्लेट उत्तम लावलेली असली तरीही. ईसीजीची पट्टी लहान, म्हणून भाजलं तिथे.

वायर सोडवून चासीपासून लांब नेली. काटा ९० वर आला. दुरुस्ती वीस मिनिटांची.

आज थर्मोकपलऐवजी करंट ट्रान्सफॉर्मर वापरतात. वायर एका कड्यातून ओवायची, कडं करंटच्या प्रमाणात व्होल्टेज देतं, ते ऑसिलोस्कोपवर पाहायचं. तयार अ‍ॅनालायझरही मिळतात. तिथेही एक सावधगिरी हवी. 'कट'मध्ये लहर सलग असते. 'कोअ‍ॅग'मध्ये ती तुटक येते, क्षणभर उंच उसळी आणि मग बराच वेळ शांतता. सरासरी घेऊन आकडा देणारं मीटर इथे फसतं. ट्रू आरएमएस मोजणारंच हवं, आणि तेही या फ्रिक्वेन्सीपर्यंत.

तुमच्यापैकी कुणी रुग्णालयाच्या ट्रस्टवर असेल, कुणी बायोमेडिकलचं काम करत असेल. वर्षाच्या तपासणीचा कागद समोर आला की तीन गोष्टी विचारा. हाय फ्रिक्वेन्सी लीकेज मोजलं का? कोणत्या मीटरने? त्या मीटरचं कॅलिब्रेशन कधी झालं? नुसतं 'ओके' लिहिलेलं असेल तर सही करू नका.

मी नवा रिपोर्ट लिहिला, त्यात आधीचा निष्कर्ष चुकीचा होता हे लिहिलं, आणि वॉर्डात जाऊन सिस्टरना भेटलो. माफी मागितली. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, की हा कागद माझ्या मॅट्रनकडेही गेलाय का? गेला नव्हता. मी त्याच दुपारी तो स्वतः नेऊन दिला. पुढच्या महिन्यात त्या थिएटरमध्ये परतल्या.

माझा मल्टिमीटर खोटं बोलला नव्हता. जे त्याला कळत नव्हतं ते मी त्याला विचारलं होतं, आणि त्याच्या उत्तरावर एका माणसाला दोषी ठरवलं होतं. मोजणी करणाऱ्यांनो, सही करण्याआधी एवढं आठवा.