सागराच्या पोटातील धातू

पहिल्या महायुद्धातील पराभवानंतर 1921 साली जर्मनीवर 132 अब्ज सुवर्णमार्कांची युद्धभरपाई लादण्यात आली. हे ऋण समुद्रातील सोन्याने फेडावे, असे रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबर यांच्या मनाने घेतले. एका टन समुद्रजलात काही मिलिग्रॅम सोने असते, असे जुन्या नोंदी सांगत होत्या. 1923 साली हाबर ‘हान्सा’ जहाजावर गुप्तपणे प्रयोगशाळा थाटून अटलांटिकवर निघाले. नमुन्यांमागून नमुने तपासले गेले. सोने निघाले ते अपेक्षेच्या जेमतेम सहस्रांश! हाबर यांची रीत अचूक होती, म्हणूनच जुन्या आकड्यांतील भ्रम उघडा पडला. एका देशभक्ताचे स्वप्न तिथेच विरले.

मॅग्नेशियमची गोष्ट निराळी. ते एका लिटर समुद्रजलात सुमारे 1.3 ग्रॅम असते. म्हणजे साधारण 800 लिटर पाण्यात एक किलो. जानेवारी 1941 मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यात, फ्रीपोर्ट येथे, डाऊ कंपनीने समुद्रजलापासून हा धातू मोठ्या प्रमाणावर काढण्यास आरंभ केला. विमानबांधणीला हलका धातू हवा होता आणि युद्ध दाराशी येऊन ठेपले होते. कच्चा माल कोणता? समुद्राचे पाणी आणि कालवांचे शिंपले! शिंपले भाजून कळीचा चुना करावयाचा, ही विद्या कोकणातील जुन्या चुनाभट्ट्यांनाही अवगत होती. तो चुना भिजवून समुद्रजलात मिसळला की कॅल्शियम पाण्यात विरघळते आणि मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड पाण्यात जवळजवळ अविद्राव्य असल्याने त्याचा पांढरा साका तळाशी बसतो. हेच अवक्षेपण. साका गाळून त्यावर हायड्रोक्लोरिक आम्लाची क्रिया करावयाची, मिळालेले क्लोराइड वाळवावयाचे आणि वितळवून त्यातून वीज सोडावयाची. धातू वेगळा होतो. सुटलेल्या क्लोरीनपासून पुन्हा आम्ल करता येते. साका पाडणे स्वस्त. खरा खर्च विजेचा. 1998 साली डाऊने हे उत्पादन थांबविले.

भारतातील मिठागरांत मीठ काढून झाल्यावर जे कडू पाणी उरते, त्यात मॅग्नेशियम मूळ समुद्रजलाहून कितीतरी अधिक दाट असते. सूर्याने अर्धे काम फुकट केलेले असते! 1954 साली भावनगर येथे स्थापन झालेल्या केंद्रीय मीठ व सागरी रसायने संशोधन संस्थेने या पाण्यातून मॅग्नेशियमची आणि पोटॅशची संयुगे मिळविण्याच्या पद्धती विकसित केल्या. मॅग्नेशियम धातू मात्र देशाला आजही मुख्यतः बाहेरूनच आणावा लागतो.