निरोप मुलांच्या हाती नको
(पालक-शिक्षक मेळाव्यातील भाषण)



मी प्राथमिक शाळेत अनेक वर्षं शिकवलं, म्हणून आधी माझीच चूक सांगतो. दुसरीतली एक मुलगी फ्रॉकखाली लेगिंग घालून यायची. डायरीत मी तीनदा लिहिलं, ‘गणवेश नियमाप्रमाणे हवा.’ चौथ्या दिवशी तिला परिपाठाला सगळ्यांसमोर बाजूला उभं केलं. दुपारी तिची अम्मी आली. तिला उर्दू वाचता यायचं, मराठी नाही. तिन्ही निरोपांखाली तिची सही मात्र होती! मुलीच्या पायावर भाजल्याचे डाग होते, म्हणून लेगिंग. मी मनात भलताच अर्थ लावून बसलो होतो.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार मुलांना मानसिक त्रास द्यायलाही मनाई आहे. हे मला तेव्हा पाठ होतं, बरं का.

झेडपी-महापालिकेच्या शाळांत २०२४-२५ला गणवेश राज्यपातळीवरून आला. पुढे तो अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे आला. या समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला हव्यात. पण आपल्या किती आया सभेला बोलतात? कापड, माप, सलवार की फ्रॉक, हे तिथेच बोला. पोरीला मध्ये घालू नका.

शिक्षकांनो, डायरीआधी फोन करा. आणि सभा सकाळी अकराला ठेवू नका. रोजंदारीवर जाणारी आई तेव्हा येऊच शकत नाही.