भिंतीपूर्वीं जमीन
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या निधींतून एका कातकरी वाडीस पक्कीं घरें व शौचकूप बांधून द्यावेत, असा ठराव आपणांपुढें आहे. हेतु उदार आहे यांत संशय नाहीं. परंतु उदार हेतूनें बांधलेलीं घरें ओस पडलेलीं, व शौचकूपांत जळाऊ लांकडें रचलेलीं कोंकणांतील कित्येक वाड्यांत पाहावयास मिळतात. म्हणून मत देण्यापूर्वीं चार गोष्टींचा विचार व्हावा, एवढीच माझी विनंति आहे.

कातकरी हें नांव खैराच्या लांकडापासून कात काढण्याच्या धंद्यावरून पडलें. जंगलें राखीव झालीं तसा तो धंदा बुडाला, आणि रायगड, ठाणें व पालघर या जिल्ह्यांतील हा समाज दुसऱ्याच्या शेतावर, कोळशाच्या व विटांच्या भट्ट्यांवर राबूं लागला. महाराष्ट्रांतील ज्या तीन जमातींस सरकारनें विशेष असुरक्षित ठरविलें, त्यांत कोलाम व माडिया गोंड यांच्याबरोबर कातकरी आहेत. आपल्या बंगल्यांच्या विटा ज्यांच्या हातांनीं पाडल्या, त्यांच्याच घराचा हा प्रश्न आहे.

पहिली गोष्ट जमिनीची. पुष्कळ वाड्या खाजगी मालकाच्या अथवा वनखात्याच्या जमिनीवर वसलेल्या असतात. उद्यां येथून उठविलें जाईल कीं काय, हें ज्यास ठाऊक नाहीं तो जोतें कशास घालील? आणि आपण पदरचे पैसे घालून परक्याच्या जमिनीवर घर उभारलें, तर जमिनीची किंमत वाढते ती मालकाची. कातकऱ्याच्या हातीं कागद नसतो तो नसतोच. १९४८ च्या मुंबई कूळकायद्यानें कुळें, शेतमजूर व कारागीर यांच्या राहत्या घरास संरक्षण दिलें आहे; २००६ च्या वनहक्क कायद्यानें वनजमिनीवरील जुन्या वस्तीस हक्क मागतां येतो. १५ नोव्हेंबर २०२३ रोजीं आरंभिलेल्या केंद्र सरकारच्या जनमन योजनेंत अशा कुटुंबास घरासाठीं दोन लक्ष रुपये ठरविले गेले. परंतु घर उभें राहावयाचें तें जागेवर, आणि जागा नांवावर नसली कीं सारें अडतें. तेव्हां निधींतील पहिला रुपया सिमेंटास न जातां मोजणीस, सातबाराच्या उताऱ्यास व तलाठ्याच्या कचेरीच्या हेलपाट्यांस जावा.

दुसरी गोष्ट घराची. कारवीच्या कुडास शेणमातीनें लिंपलेलें घर पाहून आपण नाक मुरडतों. परंतु तें उन्हाळ्यांत थंड राहतें, व घरच्या माणसांस स्वतः दुरुस्त करतां येतें. त्याचे दोष निराळे आहेत: जोतें सखल, म्हणून पावसाळ्यांत ओल, खिडकी नाहीं, म्हणून चुलीचा धूर आंत कोंडतो, व त्यानें बायकामुलांचीं फुप्फुसें बिघडतात. हे दोष काढावे आणि गुण राखावे. जोतें गुडघाभर उंच, धूर जाण्यास वाट, समोरासमोर खिडक्या, पुढें पडवी, मागें मोरी व सांडपाण्यास शोषखड्डा, एवढें साधलें म्हणजे घर सुधारलें. पत्र्याच्या छपराखालीं धुरानें भरलेली एकच खोली देऊन तिला पक्कें घर म्हणणें ही फसवणूक होय.

तिसरी गोष्ट शौचकूपाची. उघड्यावरील मैल्यांतून अंकुशकृमीच्या अळ्या ओल्या मातींत वाढतात, अनवाणी पायांच्या कातडींतून शरीरांत शिरतात, आणि माणसाचें रक्त शोषतात. तेव्हां शौचकूप हवाच. परंतु मोठी खोल टाकी म्हणजे चांगला शौचकूप, ही समजूत चुकीची आहे. गरीब कुटुंबास दोन शोषखड्ड्यांचा शौचकूप उत्तम. खड्डा सुमारें एक मीटर खोल व तितकाच रुंद. भिंतीस जाळीसारखीं भोकें, तळ मातीचा. एका वेळीं एकच खड्डा वापरावा. तो भरला कीं प्रवाह दुसऱ्यांत वळवून पहिला दीडदोन वर्षें बंद ठेवावा. तेवढ्यांत मैल्याचें वासरहित खत होतें, आणि कोणाहि माणसास दुसऱ्याचा ताजा मैला उपसावा लागत नाहीं. याच कार्यासाठीं कोंकणांत अप्पासाहेब पटवर्धनांनीं आयुष्य वेंचलें. विहिरीपासून खड्डा निदान दहा मीटर दूर हवा. जांभ्याच्या भेगाळ खडकांत त्याहूनहि अधिक.

२ ऑक्टोबर २०१४ रोजीं सुरू झालेल्या स्वच्छ भारत मोहिमेंत शौचकूपास बारा हजार रुपये मिळूं लागले, आणि पुष्कळ बांधलेहि गेले. पण उताराच्या भांड्यास दर खेपेस दीडदोन लिटर पाणी लागतेंच, व हातपाय धुण्यास आणखी लागतें. वैशाखांत एका हंड्यासाठीं जी बाई मैलभर चालते, ती तो हंडा शौचकूपांत ओतील काय? आधीं पाणी, मग शौचकूप. हा क्रम उलटला कीं लांकडें रचण्यास एक खोली मिळते, अधिक कांहीं नाहीं.

चौथी गोष्ट वेळेची. दिवाळीनंतर अर्धी वाडी उचल घेऊन भट्टीवर जाते, ती पावसाच्या तोंडावर परतते. बांधकामाचे महिने नेमके तेच. मालक गैरहजर असतां ठेकेदार बांधतो, आणि मग दार कोणीकडे असावें हें विचारण्यास कोणी उरत नाहीं. ज्या हातांस विटा पाडतां येतात त्यांस स्वतःच्या घरासाठीं त्या पाडूं द्याव्या, व त्या महिन्यांची मजुरी येथेंच मिळेल अशी तजवीज करावी, म्हणजे उचल घेण्याची पाळी येणार नाहीं. चुलीपाशीं जिचा जन्म जातो, तिचें मत नकाशा काढण्यापूर्वीं घ्यावें.

यास्तव ठरावांत मी अशी दुरुस्ती सुचवितों कीं, पहिलें वर्ष जमिनीच्या कागदांस व पाण्यास द्यावें. दुसऱ्या वर्षीं वाडीनें स्वतः निवडलेल्या दोन कुटुंबांचीं घरें बांधावीं. एक पावसाळा त्यांत काढून त्या बायकांनीं जे दोष सांगितले ते दुरुस्त करून मगच उरलेलीं हातीं घ्यावीं. असें केल्यास महोत्सवाच्या दिवशीं फीत कापण्यास आपल्याजवळ एकहि घर नसेल. तें आपणांस चालेल कीं नाहीं, याचा निर्णय या सभेनें करावा.