नऊ जणींचा संघ

कोल्हापूर जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावाला फुटबॉलचं वेड आहे, पण पोरांच्या. शाळेत मुलींचा संघ मी चालवते. २०२२ साली नवी मुंबईत सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला, तेव्हा आमच्या बावीस जणी एका टीव्हीपुढे दाटीवाटीनं बसल्या होत्या. यंदा नऊ उरल्या. सात जणींवर सामना सुरू करता येतो, नियम आहे. पण समोर अकरा असतात! नववीत गेली की घरचे म्हणतात, हाफ पँट नको, शेवटची एस.टी. चुकेल. तालमीच्या सामन्यांना सढळ वर्गणी देणारे दुकानदार आमच्या बुटांना मात्र हात आखडतात. म्हणून हल्ली मी आयांच्या बचत गटातच जाऊन बसते. परवा एकीनं विचारलं, “बाई, दोघी कमी आहेत ना? सरावाला आम्ही येऊ?”