निवडणे म्हणजे ऐकणे



लघुपट काढणे आता पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. कॅमेरा खिशातल्या मोबाइलमध्ये आहे, आणि आपल्या कोलाडला देखाव्यांची काय वाण? कुंडलिका आहे, भातखाचरे आहेत, कोकण रेल्वेचे स्टेशन आहे. अवघड आहे ते भूमिकेला माणूस निवडणे. त्यासाठी घेतात त्या चाचणीला 'ऑडिशन' म्हणतात. शब्द मूळचा लॅटिन, अर्थ 'ऐकणे'. परंतु चाचणी घेणारे आपण पाहतो फार आणि ऐकतो थोडे. आजचे माझे सांगणे एवढेच आहे.

दादासाहेब फाळके 'राजा हरिश्चंद्र'साठी तारामती शोधत होते, तेव्हा पडद्यावर यायला एकही स्त्री तयार होईना. अखेर उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके त्यांना सापडले आणि १९१३ साली तेच तारामती झाले. पुढे १९१७ च्या 'लंकादहना'त राम आणि सीता दोन्ही साळुंकेच! दादासाहेबांची पारखी नजर खरीच. तथापि ते चित्रपट मुके होते. तेथे नजर पुरली. आपला पट बोलतो.

नागराज मंजुळे यांनी 'फँड्री'तला जब्या म्हणून सोमनाथ अवघडे या खेड्यातल्या मुलाला घेतले. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०१६ च्या 'सैराट'मध्ये अकलूजची रिंकू राजगुरू सोलापूरकडच्या बोलीत बोलली आणि ती बोली साऱ्या महाराष्ट्राने डोक्यावर घेतली. लघुपटाला तर हे अधिकच लागू. पंधरा-वीस मिनिटांत पात्राची ओळख करून द्यायला सवड नसते. पहिल्या वाक्यातच माणूस खरा वाटावा लागतो.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही शाळेच्या एका वर्गात चाचणी घेतली. भूमिका होती वाडीवरच्या मुलाची. एका वाडीवरचाच मुलगा आला. दिलेले वाक्य त्याने आपल्या बोलीत म्हटले. मी म्हणालो, "शुद्ध बोल." तो शुद्ध बोलला आणि लाकडासारखा ताठ झाला. मी "कळवतो" म्हटले. काम दिले गावातल्या चुणचुणीत मुलाला आणि त्याला वाडीची बोली शिकवत बसलो! त्या पहिल्या मुलाला मात्र काहीच कळवले नाही. पुढे तो नाक्यावर भेटे. विचारत काही नसे; नुसता पाही. शेवटी रस्ता मीच बदलू लागलो. मुंबईत नाकारलेला माणूस गर्दीत दिसेनासा होतो. कोलाडात तो दुसऱ्या दिवशी बाजारात समोर येतो.

म्हणून जे तरुण चाचणी घेणार असतील त्यांना चार गोष्टी सुचवतो. भूमिका कोणती, दिवस किती, मानधन व प्रवासखर्च मिळणार की नाही, हे आधीच जाहीर करा. आणि उमेदवाराकडून एक पैसाही घेऊ नका. मुलांबरोबर पालक असू द्या, आणि स्त्रियांची चाचणी असेल तेव्हा खोलीत दुसरी स्त्री असू द्या. आल्याआल्या वाक्य हातात देऊ नका. आधी त्याला त्याचे काही सांगू द्या: लावणीचे दिवस, चुकलेली एस.टी., काहीही. त्याचा सूर कानात बसला की मग वाक्य द्या. ते एकदा रागाने आणि एकदा आजारी आईशी बोलतो तसे म्हणायला सांगा. समोरच्याचे ऐकून जो आपले बोलणे बदलतो, तो नट होऊ शकतो. आणि शेवटचे: ज्यांना घेतले नाही त्यांना ठरल्या दिवशी तसे स्पष्ट सांगा. नकाराचे दुःख चार दिवसांचे असते; 'कळवतो' या शब्दाचे महिनोन्‌महिने पुरते.

सभ्यहो, चाचणीच्या खोलीत परीक्षा एकाचीच नसते. समोर उभा असतो त्याच्या अभिनयाची होते, आणि खुर्चीवर बसलेल्याच्या माणुसकीची. त्या वर्गात मी नापास झालो होतो. तुम्ही होऊ नका, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.